बाह्यज्वलन इंजिन

बाह्यज्वलन इंजिन म्हणजे इंधनाचे ज्वलन सिलिंडरच्या बाहेर घडवून त्यातून मिळणाऱ्या उष्णतेचे यांत्रिक ऊर्जेत रूपांतर करणारे उष्णता इंजिन होय. ही उष्णता धातूच्या भिंतीतून किंवा नळ्यांतून आतील पाणी, हवा अथवा हेलियम यांसारख्या कार्यकारी द्रव्याला मिळते. याउलट मोटारीतील पेट्रोल व डिझेल इंजिने अंतर्ज्वलन प्रकारची असून त्यांत इंधन सिलिंडरमध्येच जळते. वाफेचे इंजिन, वाफेचे टर्बाइन आणि स्टर्लिंग इंजिन ही बाह्यज्वलनाची प्रमुख उदाहरणे आहेत.

इतिहास

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे धावलेली आगगाडी वाफेच्या इंजिनांनीच ओढली होती. स्कॉटलंडमधील धर्मोपदेशक रॉबर्ट स्टर्लिंग यांनी १८१६ मध्ये तप्त हवेवर चालणाऱ्या इंजिनाचे पेटंट घेतले. त्यात बाष्पित्र नसल्यामुळे ते फुटण्याचा धोका नव्हता. १८४३ मध्ये डंडी येथील ओतशाळेत असे इंजिन बसविण्यात आले. मात्र सततच्या उष्णतेने त्याच्या सिलिंडरचा तापणारा भाग वारंवार निकामी होऊ लागला व काही वर्षांतच त्याचा वापर थांबला.

स्टर्लिंग इंजिनाचे कार्य

या इंजिनात ठरावीक वायू बंदिस्त असतो. तो उष्ण बाजूस गेला की प्रसरण पावून दट्ट्याला ढकलतो आणि थंड बाजूस आला की आकुंचन पावतो. दोन्ही बाजूंच्या मध्ये असलेले पुनर्जनित्र, म्हणजे बहुधा बारीक तारेची जाळी, जाणाऱ्या वायूतील उष्णता साठवून परतणाऱ्या वायूला देते. त्यामुळे इंधनाची बचत होते. सिलिंडरमध्ये स्फोटक ज्वलन होत नसल्याने आवाजही कमी होतो.

इंधन व प्रदूषण

कार्यकारी द्रव्याचा ज्वालेशी संपर्क येत नसल्याने उष्णता कशापासून मिळते हे गौण ठरते. लाकूड, भाताचे तूस, जैववायू, कारखान्यातील वाया जाणारी उष्णता किंवा सूर्यप्रकाश यांपैकी काहीही चालू शकते. मात्र भट्टी इंधनाला अनुरूप हवी. ज्वलन अखंड चालत असल्याने पुरेशी हवा देऊन ते पूर्णत्वास नेता येते. परिणामी कार्बन मोनॉक्साइड व न जळलेले हायड्रोकार्बन कमी राहतात. तथापि खनिज इंधन जाळल्यास कार्बन डायऑक्साइड निर्माण होतोच, तसेच ज्वालेचे तापमान फार वाढल्यास नायट्रोजनची ऑक्साइडेही वाढतात. म्हणजेच स्वच्छता ही इंधन आणि भट्टीची रचना या दोहोंवर अवलंबून असते.

मर्यादा

सर्व उष्णता भिंतीतून आत जावी लागत असल्याने इंजिन सुरू होण्यास व वेग बदलण्यास वेळ लागतो. उष्णता विनिमयकांमुळे वजन व खर्च वाढतो, तर हेलियम किंवा हायड्रोजन गळू न देणे कठीण असते. त्यामुळेच मोटारींत अंतर्ज्वलन इंजिनांनी बाजी मारली.

उपयोग

महाराष्ट्रातील अनेक साखर कारखाने उसाचे चिपाड बाष्पित्रात जाळून वाफेच्या टर्बाइनद्वारे वीज निर्माण करतात. स्वीडनच्या गॉटलंड वर्गातील पाणबुड्यांत द्रवरूप ऑक्सिजनच्या साहाय्याने डिझेल जाळून स्टर्लिंग इंजिने चालवली जातात. त्यामुळे त्या दीर्घकाळ पाण्याखाली राहू शकतात. अमेरिकेत २००८ मध्ये अंतर्वक्र आरशाला जोडलेल्या स्टर्लिंग इंजिनाने सौरऊर्जेपैकी ३१.२५ टक्के ऊर्जेचे विजेत रूपांतर केले.