मीठ खाल्लेले इंजिन

श्रावण लागला आणि नारळी पौर्णिमा जवळ आली, की आमच्या किनाऱ्यावरील खोपींतून होड्या बाहेर निघू लागतात. जाळी तपासली जातात, फळ्यांना तेल चढते आणि पावसाळाभर कोपऱ्यात विसावलेली आउटबोर्ड इंजिनेही उजेडात येतात. दोरी ओढली जाते. एकदा, दोनदा, दहादा. इंजिन दाद देत नाही. झाकण काढावे तो आत पांढरी बुरशी चढल्यासारखी भुकटी आणि तांबूस गंज दिसतो. भोवती जमलेल्यांपैकी कोणी तरी निकाल देऊन टाकतो : "हे आता भंगारात." नवे इंजिन म्हणजे नवे कर्ज, आणि खारव्याच्या घरात कर्ज म्हणजे काय, हे आम्ही वेगळे सांगावयास नको.

आमचे म्हणणे एवढेच, की हा निकाल बहुधा पुरावा न पाहता दिलेला असतो.

समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम मीठ असते. इंजिनाचे अंग ॲल्युमिनियमचे, त्यात बसविलेले बोल्ट पोलादाचे. दोन भिन्न धातू एकमेकांस चिकटलेले आणि मध्ये खारे पाणी, अशी स्थिती झाली की तेथे एक लहानशी बॅटरीच तयार होते आणि दोहोंपैकी दुबळा धातू झिजू लागतो. ती पांढरी भुकटी म्हणजे झिजलेले ॲल्युमिनियम होय. यावरील उपाय नवा नाही. 1824 साली सर हंफ्री डेव्ही यांनी इंग्रजी आरमाराच्या जहाजांवरील तांब्याचे पत्रे वाचविण्यासाठी त्यांस जस्ताचे व लोखंडाचे तुकडे जोडण्याची युक्ती सुचविली होती. जस्त स्वतः झिजते आणि शेजाऱ्यास राखते. आउटबोर्ड इंजिनाच्या खालच्या अंगास लावलेला राखाडी तुकडा हे त्याच युक्तीचे फळ आहे. तो निम्मा झिजला की बदलावयाचा असतो. परंतु तो शोभत नाही म्हणून त्यावर हौसेने रंग फासणारे लोक आम्ही पाहिले आहेत. रंग फासलेले जस्त निरुपयोगी होते आणि मग बळी इंजिनाचा जातो.

रोग ओळखावयाचा तर बाहेरून आत जावे. प्रथम खालच्या पेटीतील तेलाचे थेंब बोटावर घ्यावेत. ते दुधासारखे दिसले तर पंख्याच्या दांड्याजवळील सील गेले आणि पाणी आत शिरले, असे समजावे. इंजिन सुरू होत असेल तर ते गोड्या पाण्याच्या पिंपात चालवून मागून पडणारी बारीक धार पाहावी. कोरडे मात्र क्षणभरही चालवू नये, कारण पाणी खेचणारे रबरी चक्र तेवढ्यात जळते. धार क्षीण असेल तर ते रबरी चक्र झिजले आहे किंवा आतील वाटा मिठाने बुजल्या आहेत. शिरक्यासारखे सौम्य आम्ल आत थोडा वेळ फिरवून मग भरपूर गोड्या पाण्याने धुतल्यास अशा वाटा पुष्कळदा मोकळ्या होतात. त्यानंतर स्पार्क प्लग काढून ठिणगी पाहावी आणि प्रत्येक सिलिंडरातील दाब मोजावा. दोन सिलिंडरांच्या दाबांत शेकडा 10 ते 15 हून अधिक तफावत नसेल, तर इंजिनाचे काळीज अद्याप शाबूत आहे, असे मानण्यास हरकत नाही. मग दोष बहुधा कार्ब्युरेटरात, तारांच्या जोडांत किंवा तशाच एखाद्या किरकोळ भागात सापडतो.

बुडालेल्या इंजिनाची कथा मात्र निराळी. शापोऱ्याच्या किंवा साळ नदीच्या मुखाशी वाळूचे बांध साचतात. तेथील उसळत्या लाटेत होडी उलटते, माणसे दैवयोगाने पोहून येतात आणि इंजिन दुसऱ्या दिवशी वर काढले जाते. ते जपून उन्हात वाळत ठेवले जाते, आणि तेथेच घात होतो. पाण्याखाली प्राणवायू थोडा. वर काढताच ओल्या, खारट धातूस हवा लागते आणि गंज झपाट्याने चढतो. बुडालेले इंजिन समुद्रात मरत नाही, ते किनाऱ्यावर मरते. म्हणून वर काढताच ते गोड्या पाण्याने धुवावे, प्लग काढून, चाक हाताने हळूहळू फिरवून आतील पाणी निथळू द्यावे, सिलिंडरात तेल सोडावे, कार्ब्युरेटर स्वच्छ करावा आणि शक्य तितक्या लवकर इंजिन सुरू करून चांगले तापू द्यावे. हे तत्काळ करणे शक्य नसेल, तर इंजिन गोड्या पाण्याच्या पिंपात पुन्हा बुडवून ठेवावे. हा सल्ला विपरीत वाटेल, पण हवेपासून दूर ठेवणे हेच त्यातील मर्म आहे. इंजिन चालू असताना बुडाले असेल तर अधिकच सावधपणा हवा. पाणी हवेप्रमाणे दबत नाही. अशा वेळी आतील जोडदांडा वाकलेला असू शकतो. चाक अडत असेल तर दोरीला हिसके देऊ नयेत. इंजिन उघडूनच पाहावे.

गंजलेल्या बोल्टाशीही बळजोरी उपयोगी नाही. भेदक तेल सोडून रात्रभर थांबावे, भोवतालच्या धातूस बेताची ऊब द्यावी, पाना थोडा पुढे, थोडा मागे करीत राहावे. ॲल्युमिनियम सुमारे 660 अंशांवर वितळते आणि लोखंडाप्रमाणे आधी लाल होऊन इशाराही देत नाही. घाईने धरलेली ज्योत बोल्टाबरोबर इंजिनही घेऊन जाते.

प्रत्येक इंजिन वाचते, असा आमचा दावा नाही. मुख्य अंगास तडा गेला असेल, सिलिंडरास गंजाने खोल खड्डे पडले असतील किंवा मुख्य दांड्याचे बेअरिंग खडखडत असेल, तर हट्ट सोडावा. त्याचे धड राहिलेले भाग दुसऱ्या इंजिनास जीवदान देतील. भर समुद्रात बंद पडणारे इंजिन ही काटकसर नव्हे, तो जिवाशी खेळ आहे.

येथे प्रश्न एकट्या खारव्याचा राहत नाही. इंजिन विकत घेण्यासाठी सरकार अनुदान देते, ते योग्यच आहे. परंतु घेतलेले इंजिन टिकावे यासाठी काय लागते? प्रत्येक धक्क्यावर गोड्या पाण्याचा एक नळ आणि एक पिंप. मच्छीमार सोसायटीच्या कपाटात जस्ताचे तुकडे, रबरी चक्रे आणि सील. आणि हाकेच्या अंतरावर एक जाणता फिटर. गोव्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत मोटार दुरुस्तीचे वर्ग वर्षानुवर्षे चालत आले आहेत. त्यांत खाऱ्या पाण्यावरील इंजिनाचा पाठ ठळकपणे यावयास हवा आणि तो शिकावयास खारव्यांची व गाबितांची मुले यावयास हवीत. दिवसभर समुद्रावर राबून आलेल्या माणसास इंजिन धुण्याचे त्राण उरत नाही, ही तक्रार खोटी नाही. पण नळ धक्क्यावरच असेल तर ते काम दहा मिनिटांचे आहे. पाणी घरून वाहून आणावयाचे असेल तर ते कधीच होणार नाही.

नारळी पौर्णिमेस आपण दर्यास नारळ अर्पण करतो आणि त्याची कृपा मागतो. ती कृपा मागत असताना त्याच्या मिठाची झळ लागणाऱ्या इंजिनास रोज थोडे गोडे पाणी देण्याची व्यवस्था करणे हे आपलेच काम आहे. पंचायतींनी आणि मच्छीमार खात्याने पुढील हंगामापूर्वी एवढे नळ तरी बसवावेत. नवे इंजिन देण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त पडेल आणि एखाद्या घरावरचे कर्जही त्यामुळे टळेल.