कार्ल रॉजर्स यांचा निम्मा टिकलेला दावा

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५७ मध्ये एका छोट्या शोधनिबंधात मोठे धाडसी विधान केले. माणसात खोलवर बदल घडायचा असेल, तर समुपदेशक आतबाहेर एकच असावा, समोरच्याचा त्याने विनाअट स्वीकार करावा, त्याचे जग त्याच्याच नजरेने समजून घ्यावे, आणि हा स्वीकार व ही समज समोरच्यापर्यंत थोडी तरी पोचावी. एवढे साधले तर बाकी कशाची गरज नाही. निदानाची नाही, स्वप्नांच्या अर्थाची नाही आणि सल्ल्याची तर नाहीच. या अटी आवश्यक आहेत आणि पुरेशाही आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. मनोविश्लेषण आणि वर्तनवाद यांच्यानंतर आलेल्या मानवतावादी मानसशास्त्राचा हा गाभा. साठाहून अधिक वर्षांच्या संशोधनानंतर ‘पुरेशा’ हा दावा पडला आहे. ‘आवश्यक’ हा दावा थोडी मुरड घालून टिकला आहे, आणि समुपदेशनाच्या नावाखाली आपल्याकडे जे चालते त्यात नेमके त्याच्याकडेच दुर्लक्ष होते.

रॉजर्स म्हणजे गोड बोलणारा, मान डोलावणारा समुपदेशक, असा एक समज आहे. तो त्यांच्यावर अन्याय करणारा आहे. १९०२ मध्ये जन्मलेले रॉजर्स आधी शेतीशास्त्र शिकले, मग धर्मशास्त्राकडे वळले आणि शेवटी मानसशास्त्रात आले. रॉचेस्टरमध्ये बारा वर्षे त्यांनी अडचणीत सापडलेल्या मुलांबरोबर आणि त्यांच्या पालकांबरोबर काम केले. १९४२ च्या त्यांच्या पुस्तकात एका सल्लार्थीच्या सगळ्या भेटींचे, ध्वनिमुद्रणावरून उतरवलेले शब्दशः संभाषण छापले आहे. तोवर बंद खोलीत काय घडले हे उपचारकाच्या टिपणांवरून आणि आठवणीवरूनच कळत असे, आणि आठवण नेहमी आपल्याला सोयीची तेवढीच बाजू राखते. रॉजर्स यांनी ती खोली परीक्षेसाठी उघडी केली. पुढे शिकागो विद्यापीठात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी सल्लार्थींना स्वतःविषयीची शंभर विधाने लावायला दिली, एकदा ‘मी आहे तसा’ म्हणून आणि एकदा ‘मला व्हावेसे वाटते तसा’ म्हणून. समुपदेशनानंतर या दोन चित्रांमधले अंतर कमी झालेले दिसले. तुलनेसाठी वाट पाहत ठेवलेला गटही होता. १९५४ साली प्रसिद्ध झालेले हे काम त्या काळात विरळाच होते.

पहिला आक्षेप असा, की समोरच्याचे वाक्य फिरवून त्यालाच परत देणे यात विशेष ते काय? १९६६ मध्ये संगणकतज्ज्ञ जोसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलायझा’ नावाचा संगणक प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. तो रॉजर्सपंथी समुपदेशकाची नक्कल करी आणि लोक त्याच्याशी मन मोकळे करीत. पण त्यावरून एवढेच दिसते, की ऐकले जाण्याची माणसाची भूक फार मोठी आहे आणि या पद्धतीचे बाह्य रूप सहज उचलता येते. रॉजर्स यांनाही ही पोपटपंची नकोच होती. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. त्याच वर्षी मानसशास्त्रज्ञ चार्ल्स ट्रुअॅक्स यांनी रॉजर्स यांच्याच एका केसच्या ध्वनिफितींचा अभ्यास करून दाखवले, की सल्लार्थी काय बोलतो त्यानुसार त्यांची आस्था कमीजास्त होत होती. म्हणजे संपूर्ण तटस्थता त्यांनाही साधली नव्हती. हा आक्षेप मान्य करावा लागतो. मात्र तो घेता आला, कारण ध्वनिमुद्रणे उपलब्ध होती.

‘पुरेशा’ या शब्दाची खरी कसोटी विस्कॉन्सिनमध्ये लागली. तिथे रॉजर्स यांनी स्किझोफ्रेनियाने रुग्णालयात दाखल असलेल्यांवर हीच पद्धत वापरून पाहिली. १९६७ मध्ये निष्कर्ष छापले गेले तेव्हा उपचार घेतलेला गट सरासरीने फारसा पुढे नव्हता. अलीकडचा पुरावा इंग्लंडमधल्या शेफिल्डचा आहे. मध्यम ते तीव्र नैराश्याच्या ५१० रुग्णांवरील हा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी रॉजर्सपंथी, म्हणजे व्यक्तिकेंद्रित, समुपदेशन सीबीटीपेक्षा (विचार आणि वर्तन बदलण्यावर भर देणाऱ्या उपचारपद्धतीपेक्षा) कमी पडलेले दिसले नाही. वर्षाअखेर मात्र सीबीटी पुढे होती. भ्रम, तीव्र नैराश्य, आत्महत्येचे विचार यांत मनोविकारतज्ज्ञाची, गरजेप्रमाणे औषधांची जागा नुसते ऐकणे घेऊ शकत नाही. यात तडजोड नको.

मग ‘आवश्यक’चे काय? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५९ मध्येच सांगितले होते, की यातली एकही अट काटेकोर अर्थाने आवश्यक नाही, कारण माणसे पुस्तक वाचूनही बदलतात. कि. मो. फडके यांनी एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धती मराठीत रुजवली असल्याने आपल्या वाचकांना ही बाजू अधिक ओळखीची आहे. एलिस यांचा तर्क बरोबर आहे. पण समुपदेशकाच्या खोलीत प्रश्न शक्यतेचा नसतो, बहुतेकांना कशाने गुण येतो याचा असतो. ८२ गटांतल्या ६,१३८ सल्लार्थींची माहिती एकत्र करणाऱ्या २०१८ च्या विश्लेषणात समुपदेशकाची समानुभूती आणि उपचाराचे फळ यांचा सहसंबंध ०.२८ निघाला. हा केवळ सहसंबंध आहे, कार्यकारणाचा पुरावा नव्हे. आकडाही लहान वाटेल, परंतु दोन नामांकित उपचारपद्धतींच्या परिणामांत एरवी जो फरक दिसतो तो याहून मोठा क्वचितच असतो. आणि माणसाचा विनाअट स्वीकार एलिस यांनाही मोलाचाच वाटे.

शेवटचा आक्षेप आपल्या मातीतला आहे. मनोविकारतज्ज्ञ जसवंतसिंग नेकी यांनी १९७३ मध्ये मांडले, की भारतीय माणूस उपचारकाकडे गुरूसारखा पाहतो, त्याला मार्गदर्शन हवे असते. ते खरेच आहे. सुनेला, बेकार मुलाला, दहावीत नापास झालेल्या मुलीला ‘तुम्हीच सांगा’ म्हणावेसे वाटणारच. पण याच माणसांना घरी, शेजारी, नात्यात सल्ल्याची कधी वाण पडलेली नसते. आपले म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेणारे कोणी त्यांना क्वचितच भेटलेले असते. सल्ला द्यायचाच असेल तर तो ऐकून झाल्यावर द्यावा. समुपदेशनाच्या प्रत्येक अभ्यासक्रमाने सल्लार्थीच्या परवानगीने भेटी ध्वनिमुद्रित करून जाणत्यांसमोर तपासून घ्याव्यात. रॉजर्स यांचा हा सगळ्यांत स्वस्त धडा आहे. आणि समुपदेशक शोधणाऱ्या वाचकाला एवढेच सांगणे: पहिल्याच भेटीत तुमची हकिगत अर्ध्यावर तोडून जो उपाय सांगू लागतो, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका.