एका नानखटाईचे गणित

पावसाळ्यातल्या एका रात्री, जेवणे होऊन दोन तास उलटल्यावर, आम्हाला नानखटाई खाण्याची हुक्की आली. दुकाने बंद झाली होती. घरात मैदा, तूप, पिठीसाखर आणि खाण्याचा सोडा होता. पाककृतींच्या वहीत प्रमाण सापडले : मैदा 200 ग्रॅम, तूप 100 ग्रॅम, पिठीसाखर 100 ग्रॅम आणि सोडा सपाट पाव चमचा. एवढ्यात दहा मोठ्या नानखटाया होतात. आम्हाला हवी होती एकच. तेव्हा सगळ्याला दहाने भागले. मैदा 20 ग्रॅम, तूप 10 ग्रॅम, साखर 10 ग्रॅम. राहिला सोडा. पाव चमच्याचा दहावा भाग कसा घ्यायचा? ‘घालू एक चिमूट’ असे म्हणून आम्ही मोकळे झालो.

भाजून निघालेली नानखटाई पसरट झाली होती, रंगाने गडद होती आणि चवीला चक्क साबणासारखी लागत होती. त्रैराशिक तर बरोबर होते. मग चुकले कुठे?

चिमूट म्हणजे किती?

चहाच्या चमच्याने सपाट पाव चमचा सोडा म्हणजे सुमारे 1 ग्रॅम. त्याचा दहावा भाग 0.1 ग्रॅम. आणि चिमूट? ती बोटांवर, पुडीच्या बारीकपणावर आणि घेणाऱ्याच्या उदारपणावर अवलंबून असते. पाव ग्रॅमपासून अर्ध्या ग्रॅमपर्यंत ती सहज जाते. म्हणजे आमच्या नानखटाईत हव्या त्याच्या अडीच ते पाच पट सोडा पडला असणार.

हा भाग वर्गात करून पाहण्याजोगा आहे. दहा विद्यार्थ्यांना प्रत्येकी वीस चिमटी मीठ वेगवेगळ्या कागदांवर घ्यायला सांगा. प्रयोगशाळेतल्या तराजूवर वजन करून वीसने भागा. एका चिमटीचे वजन तराजूला कळत नाही, पण वीस चिमटींचे कळते. दहा जणांची दहा उत्तरे फळ्यावर लिहिली की ‘चिमूट’ हे किती लवचिक माप आहे ते सर्वांना दिसेल.

आता चुकीकडे पाहू. समजा, कोणत्याही जिनसाच्या मापात आपल्या हातून 0.3 ग्रॅमची चूक होते. 20 ग्रॅम मैद्यात ही चूक दीड टक्का; ती जिभेला कळणारही नाही. दहा नानखटायांच्या 1 ग्रॅम सोड्यात ती 30 टक्के. थोडाफार फरक पडेल. पण एका नानखटाईच्या 0.1 ग्रॅम सोड्यात तीच चूक 300 टक्के होते! चूक तेवढीच राहिली, माप मात्र लहान झाले. भागाकार कागदावर सर्व संख्यांना सारखाच वागवतो. तराजू आणि बोटे तसे वागत नाहीत.

एवढासा सोडा करतो काय?

खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. साधारण 80 अंश सेल्सिअसच्या पुढे त्याचे वेगाने विघटन होते. त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू व पाण्याची वाफ निघते आणि मागे सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याच्या सोड्यातला घटक, उरतो. 168 ग्रॅम सोड्यापासून 44 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळतो. नेहमीच्या तापमानाला त्याचे आकारमान सुमारे 24 लिटर भरते. या हिशेबाने 0.1 ग्रॅम सोड्यातून सुमारे 14 घन सेंटिमीटर वायू निघेल. आपला पिठाचा गोळा असतो तीसेक घन सेंटिमीटरचा. तेव्हा 0.1 ग्रॅम सोडा मुळीच कमी नाही.

सोडा चौपट झाला की वायूही चौपट. तो गोळ्यात मावत नाही, बाहेर निसटतो आणि नानखटाई बसते. नानखटाईत तुपाचे मोहन भरपूर असते. मैद्याच्या कणांवर तुपाचा लेप बसतो, त्यामुळे ग्लुटेनचे चिवट जाळे तयार होत नाही. म्हणून तर ती खुसखुशीत होते; पण म्हणूनच पावाप्रमाणे वायू धरून ठेवणे तिला जमत नाही. उरलेले सोडियम कार्बोनेट अल्कधर्मी असते, त्याचीच ती साबणासारखी चव. प्रथिने आणि काही शर्करा यांच्यातील ज्या अभिक्रियेमुळे भाजलेल्या पदार्थांना तपकिरी रंग येतो, तिचे वर्णन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामीय माइयार यांनी 1912 मध्ये केले. अल्कधर्मी माध्यमात ही अभिक्रिया अधिक वेगाने होते. गडद रंगाचे कारण तेच.

पुरावा हवा असेल तर बिघडलेल्या नानखटाईचा चुरा थोड्या पाण्यात कालवून ते पाणी हळदीच्या कागदावर टाका. सोडा फार झाला असेल तर डाग तांबूस दिसेल. शेजारी नुसत्या पाण्याचा थेंब तुलनेसाठी ठेवायला विसरू नका.

आधी मिसळा, मग वाटा

0.1 ग्रॅम मोजणारा तराजू बहुतेक घरांत नसतो. पण तो लागतोच असे नाही. पाव चमचा सोडा आपण बऱ्यापैकी मोजू शकतो. तेवढा सोडा घ्या. त्यात तेवढाच मैदा घालून चांगला मिसळा. मग जेवढे मिश्रण झाले तेवढाच मैदा पुन्हा घाला आणि मिसळा. असे चार चमचे मैदा संपेपर्यंत करा. आता मिश्रण कागदावर आयताकृती पसरा आणि पट्टीच्या कडेने त्याचे दहा सारखे भाग पाडा. प्रत्येक भागात सुमारे 0.1 ग्रॅम सोडा आला. मैदा किती घेतला याला येथे महत्त्व नाही; मिश्रण एकजीव होणे आणि भाग सारखे होणे महत्त्वाचे. जुने वैद्य चूर्णाच्या पुड्या बांधत, ती हीच युक्ती. उरलेल्या नऊ पुड्या कोरड्या बाटलीत ठेवल्या की पुढच्या नऊ रात्रींची सोय झाली.

इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरातले बेकरीवाले हेन्री जोन्स यांनी 1845 मध्ये ‘आपोआप फुगणाऱ्या’ पिठाचे पेटंट घेतले. त्यांनी सोडा आणि कोरडे आम्ल पिठातच आधी मिसळून ठेवले होते. कितीही थोडे पीठ घेतले तरी सोडा प्रमाणातच येणार.

भट्टीचा हिशेब

दुसरी गोष्ट उष्णतेची. आम्ही कढईत 1 किलो मीठ तापवून, वर झाकण ठेवून नानखटाई भाजली होती. मीठ 30 अंशांवरून 180 अंशांपर्यंत तापवायला सुमारे 130 किलोज्यूल उष्णता लागते. 40 ग्रॅमच्या नानखटाईला लागते जेमतेम 10 किलोज्यूल. कढईची आणि हवेत जाणारी उष्णता वेगळीच. दिवाळीच्या आधी मैदा, तूप, साखरेचे डबे घेऊन बेकरीसमोर रांग लावण्याची पद्धत होती, तिच्यामागे हे शहाणपण होते. भट्टी एकदा तापली की दहा घरांचे पत्रे तिच्यात जात. एकट्यासाठी करायचे तर लहान कढई आणि 200 ग्रॅम मिठाचा पातळ थर पुरतो. मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटे द्यावीत, आणि नानखटाई गार होऊ द्यावी. गरम असताना ती मऊच लागते.

चमच्याचा दहावा भाग

नानखटाई बिघडली तर तोंड कडू होते, एवढेच. पण हीच चूक जुलाब होणाऱ्या बाळाच्या बाबतीत झाली तर? घरगुती जलसंजीवनीचे प्रमाण आहे : 1 लिटर स्वच्छ पाण्यात 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. बाळ थोडेच पिणार म्हणून कुणी 200 मिलिलिटरच्या एका पेल्यापुरते करू गेले, तर मीठ हवे चमच्याचा दहावा भाग. पुन्हा चिमूट आली! मीठ फार झाले तर ते बाळाला धोक्याचे ठरते. जलसंजीवनीच्या पाकिटाचेही तसेच आहे. 1 लिटरच्या पाकिटात 20.5 ग्रॅम भुकटी असते आणि त्यात मीठ फक्त 2.6 ग्रॅम. त्यातली अंदाजाने थोडी भुकटी पेल्यात टाकणे चूक. पाकीट पूर्ण फोडावे, त्यावर छापलेल्या मापाएवढ्या पाण्यात सगळे विरघळवावे, आणि मग त्यातून वाटी-चमच्याने पाजावे. 24 तासांनंतर उरलेले टाकून द्यावे. ते वाया गेल्याची हळहळ नको. अचूक मापाची ती किंमत आहे.

प्रमाण आणि त्रैराशिक शिकवताना आपण पेन, वह्या आणि मजुरांची उदाहरणे देतो. पुढच्या वेळी एका पेल्याच्या जलसंजीवनीचे उदाहरण द्यावे. उत्तर काढून झाल्यावर विद्यार्थ्यांना एकच प्रश्न विचारावा : हे उत्तर तुम्ही मोजून दाखवू शकाल का?