घरातली यंत्रं – ९ : गीझरआधी बादली मोजा

दुकानात शिरलं की विक्रेता विचारतो, "किती लिटरचा दाखवू?" आणि आपण शेजाऱ्यांकडे आहे तो आकडा सांगून मोकळे होतो. त्याआधी घरात अंघोळ बादलीने होते की शॉवरने, ते बघा. आपण बादलीचा हिशेब करू.

बादली २० लिटरची धरू. थंडीत टाकीतलं पाणी २० अंशांचं आणि अंगावर घ्यायला ४० अंशांचं, असं मानलं तर एका बादलीला ४०० किलोकॅलरी उष्णता लागते. विजेच्या एका युनिटमधून ८६० किलोकॅलरी मिळतात. म्हणजे एका अंघोळीला जवळपास अर्धं युनिट. गीझर कुठल्याही कंपनीचा असो, इन्स्टंट असो की स्टोरेज, एवढी वीज जाणारच. "इन्स्टंट वीज वाचवतो" असं दुकानात छातीठोकपणे सांगतात. त्यात तथ्य एवढंच, की स्टोरेजच्या टाकीत तापलेलं पाणी पडून राहिलं तर निवत जातं. स्टोरेज गीझरवरचे तारे या निवण्यावरूनच ठरतात. अंघोळी आटोपल्या की बटण बंद करणाऱ्या घरात हे नुकसान फारसं नसतं.

इन्स्टंटची खरी अडचण वेगळीच आहे. ३ किलोवॉटचा इन्स्टंट मिनिटाला ४३ किलोकॅलरी देतो. मिनिटाला सात लिटर येणारा नळ पूर्ण सोडला तर पाणी जेमतेम सहा अंशांनी तापतं. नळ बारीक केला तर बादली भरायला नऊ-दहा मिनिटं. स्वयंपाकघरातल्या सिंकला तो उत्तम. तीन-चार माणसांच्या अंघोळीला मात्र १५ लिटरचा स्टोरेजच बरा, शॉवर असेल तर २५ लिटरचा. २ किलोवॉटचा १५ लिटरचा गीझर वीसेक मिनिटांत पाणी ६० अंशांवर नेतो आणि विसण घालून सव्वा ते दीड बादली देतो. मोबाइलवरून गीझर चालू करायच्या सोयीला जादा पैसे मोजावेत असं मला तरी वाटत नाही. बाथरूम काही दुसऱ्या गावात नसतं.

पैसे खरे मुरतात ते पाण्याच्या जातीत. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल आणि नळांवर, बादलीच्या कडेला पांढरे क्षार धरत असतील, तर तेच क्षार गीझरच्या कॉइलवरही चढतात. मग कॉइलची उष्णता पाण्यात नीट उतरत नाही, गीझर खदखदू लागतो आणि एक दिवस कॉइल जळते. आत मॅग्नेशियमचा एक रॉडही असतो. टाकी गंजू नये म्हणून तो स्वतः झिजतो. नवा असताना बोटाएवढा जाड असतो. खराब पाण्यात त्याची खड्डे पडलेली काडी होते. तो संपला की गंज टाकीला लागतो. तेव्हा अशा पाण्याच्या घरी वर्षातून एकदा गीझर उघडून घ्या. नवा रॉड अख्ख्या टाकीपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो. वॉरंटी वाचताना टाकीची आणि कॉइलची वर्षं वेगवेगळी पाहा.

गॅस गीझर पाणी झटपट तापवतो, वीज गेली तरी अडत नाही. पण तो बाथरूमच्या आत बसवायचा नाही, हे ठाम सांगतो. थंडी म्हणून झडपा बंद, एकामागून एक अंघोळी, आणि कोंडलेल्या हवेत ज्योत अर्धवट जळू लागली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलिंडरच्या गॅसला गळती कळावी म्हणून मुद्दाम वास दिलेला असतो. याला वास नसतो, रंग नसतो. माणूस हातपाय गळून खाली बसतो आणि कडीपर्यंत हात पोचत नाही. एक्झॉस्ट पंखा लावला म्हणजे झालं, असंही नाही. गीझर मोकळ्या हवेच्या ड्राय बाल्कनीत लावून गरम पाण्याचा पाइप आत आणा. ते जमत नसेल तर विजेचा घ्या.

विजेच्या गीझरला १६ अँपियरचा सॉकेट, चांगलं अर्थिंग आणि ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी हवाच. गीझर बसवायला येणारा माणूस "नंतर बघू" म्हणाला, तर गीझरही नंतरच बसवा.

पुढच्या आठवड्यात सोलर बंब. तोवर गच्चीपासून तुमच्या बाथरूमपर्यंत पाइप किती मीटर पडेल, तेवढं मोजून ठेवा.