प्रायमरी की बदलताना टेबलाच्या पोटात काय घडते
मायएस्क्यूएलच्या इनोडीबी यंत्रणेत प्रायमरी की ही ओळीची केवळ ओळख नसून तिच्याच क्रमाने सारा मजकूर रचलेला असतो, आणि इतर प्रत्येक इंडेक्सच्या नोंदीत ओळीचा पत्ता म्हणून त्याच कीची प्रत दाखल असते. म्हणून ती बदलण्याचे फर्मान सुटले, की संपूर्ण टेबल आणि त्यावरील यच्चयावत इंडेक्स नव्याने उभारावे लागतात. 1 कोटी ओळी, 5 दुय्यम इंडेक्स आणि 36 बाइटांची मजकुरी की असेल, तर नुसत्या या प्रतीच 1.8 अब्ज बाइट व्यापतात; 8 बाइटांच्या पूर्णांकात तेच काम 40 कोटींत भागते.

पोस्टग्रेसची व्यवस्था निराळी, आणि माझ्या मते अशा फेरफाराच्या प्रसंगी अधिक सोयीची. तेथे इंडेक्समध्ये ओळीचे भौतिक स्थान नोंदलेले असल्यामुळे नवी की नेमताना इतर इंडेक्सना धक्का लागत नाही. 2006 च्या 8.2 आवृत्तीपासून उपलब्ध असलेल्या ‘कन्करंटली’ या तजविजीने प्रथम युनिक इंडेक्स बांधावा (तीत टेबल दोनदा वाचले जाते, परंतु लेखन थांबत नाही), आणि मग जुनी की उतरवून ‘युजिंग इंडेक्स’द्वारे त्याच इंडेक्सला तिच्या पदावर रीतसर नेमावे. या नेमणुकीसाठी टेबलाला लागणारी कुलूपबंदी क्षणिक असते, मात्र स्तंभ आधीपासून ‘नॉट नल’ असेल तरच. एरवी सारे टेबल कुलपाआड तपासले जाते. बांधणी मध्येच फसली, तर ‘इन्व्हॅलिड’ शिक्क्याचा इंडेक्स मागे उरतो, जो शोधाच्या कामी येत नाही, परंतु लेखनाचा भार वाढवीत राहतो. तो हुडकून काढून टाकणे अत्यंत अगत्याचे आहे.