रायफलचे पार्ट बदलणं अमेरिकेत छंद, मग भारतात गुन्हा का?

यूट्यूबवर 'रायफल अपग्रेड' असं शोधलं की एक बंदूक हमखास दिसते: रुगर १०/२२. टेबलावर रायफल ठेवायची, तिची बॅरल, ट्रिगर, स्टॉक बदलायचा आणि 'आधी' आणि 'नंतर'चा नेम दाखवायचा, असे हे व्हिडिओ असतात. रानडुकरं आणि वानरांनी शेतकरी हैराण असलेल्या महाड-पोलादपूर भागात, नात्यासारख्या गावात बसून हे पाहणाऱ्याला वाटू शकतं, आपल्याकडेही असं करता येईल का?

थोडक्यात उत्तर: नाही. कारण भारतीय कायद्याच्या नजरेत बंदुकीचा सुटा भाग हीसुद्धा बंदूकच आहे.

ही रायफल नेमकी काय आहे?

रुगर १०/२२ अमेरिकेत १९६४ मध्ये बाजारात आली. ती पॉइंट टू-टू बोअरची सेमी-ऑटोमॅटिक रायफल आहे. म्हणजे एकदा ट्रिगर ओढला की एक गोळी सुटते आणि पुढची गोळी आपोआप भरली जाते. तिची काडतुसं 'रिमफायर' प्रकारची असतात. या काडतुसाच्या बुडाच्या कडेत स्फोटक मिश्रण असतं आणि फायरिंग पिन त्या कडेवरच आदळते. काडतूस स्वस्त आणि धक्का कमी, म्हणून ती तिकडे लोकप्रिय झाली. इतर कंपन्यांनी तिच्यासाठी सुटे भाग काढले आणि त्यांची स्वतंत्र बाजारपेठच उभी राहिली.

भारतात कायदा काय म्हणतो?

शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये 'अग्निशस्त्रा'ची व्याख्या आहे. तिच्यात बंदुकीचे भाग येतात. आवाज किंवा ज्वाळा कमी करणारी जोडणी, म्हणजे सायलेन्सरही येतो. त्यामुळे परदेशी वेबसाइटवरून बॅरल मागवणं हे मोबाइलचं कव्हर मागवण्यासारखं नाही. ती शस्त्राची आयात ठरते आणि तिला परवाना लागतो.

याच कायद्याच्या कलम ५ नुसार बंदुकीची दुरुस्ती किंवा तिच्यात बदल करण्याचा धंदाही परवान्याशिवाय करता येत नाही. म्हणजे ओळखीच्या लेथवाल्याकडून काम करून घेतलं, तर तोही अडकतो.

कलम ६ नुसार परवान्याशिवाय बॅरल आखूड करायला मनाई आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका वर्गातली बंदूक बदलून दुसऱ्या वर्गात नेणंही त्यात आलं. शिक्षा किमान ७ वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप.

मग परवाना काढून सेमी-ऑटोमॅटिक रायफल घेता येते का?

शस्त्र नियम, २०१६ मध्ये बंदुकांचे वर्ग पाडले आहेत. सेमी-ऑटोमॅटिक रायफल त्यात सर्वांत कडक वर्गात मोडते. जिल्हाधिकारी कार्यालयातून मिळणाऱ्या नेहमीच्या परवान्यावर ती घेता येत नाही.

शेतीसंरक्षणासाठी कायद्याने मुख्यतः ठासणीची बंदूक गृहीत धरली आहे. ती पुरेशी नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं, तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक मिळू शकते. शिवाय बंदुकीचा परवाना म्हणजे रानडुक्कर मारायची परवानगी नव्हे. त्यासाठी वन्यजीव कायद्याचे नियम वेगळे आहेत.

खेळाडू कोणती रायफल वापरतात?

राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकलं. ही स्पर्धा पॉइंट टू-टू रिमफायर रायफलनेच होते, पण सेमी-ऑटोमॅटिक नव्हे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार प्रत्येक गोळी हाताने भरावी लागते.

कोल्हापूरच्याच राही सरनोबतने २०१८ च्या एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण जिंकलं. ते पिस्तूल मात्र रिमफायर आणि सेमी-ऑटोमॅटिक असतं. पिस्तुलांचा वर्ग नियमांत वेगळा आहे, म्हणून तिथे हा अडथळा येत नाही.

पार्ट न बदलता नेम सुधारतो का?

हो. स्पर्धेच्या रायफलमध्ये खांद्याला टेकणारी बट-प्लेट आणि गालाखालची पट्टी शरीराच्या मापानुसार पुढे-मागे, वर-खाली करता येते. साइटही जुळवता येते. याहून मोठा फरक काडतुसांनी पडतो. एकाच कंपनीच्या दोन लॉटचा नेम एकाच बॅरलमधून वेगवेगळा बसतो. त्यामुळे अव्वल नेमबाज आधी लॉट तपासतात आणि मगच साठा घेतात.

सुरुवात कुठून करायची?

एअर रायफलपासून. ४.५ मिलिमीटर बोअरच्या आणि २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. तिची ताकद वाढवायचा मोह मात्र टाळा. ही मर्यादा ओलांडली, तर हातात विनापरवाना शस्त्र उरू शकतं. पुढे मान्यताप्राप्त रायफल क्लबचं सदस्यत्व घेतलं, की पॉइंट टू-टूचा सराव कायद्याच्या चौकटीत करता येतो.

आणि घरातली परवान्याची बंदूक बिघडली असेल, तर स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे जा.