बोअरमध्ये लटकलेला पाईप धरायचा कसा?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याच्या ओघात आलेले 'बरं का' आणि 'म्हणजे' थोडे कमी केलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय बोअरचा आहे, पण पाणी लागतं की नाही, पाणाड्या खरा की खोटा, यातलं काही नाही. आज बोलायचंय बोअरमध्ये लटकणाऱ्या पाईपबद्दल. मोटार काढताना, उतरवताना किंवा बोअर घेताना शेकडो किलोचं लोखंड जमिनीत लोंबकळत असतं. ते नेमकं कशाच्या भरवशावर धरलेलं असतं? बांधावर उभं राहून आपण सगळेच हे काम बघतो, पण हा प्रश्न कोणी विचारत नाही.

आपल्या पैठण तालुक्यात हा प्रश्न उन्हाळ्यात जास्त येतो. नाथसागर शेजारी आहे, पण कालव्याच्या वर राहिलेल्या शिवाराला त्याचा काय उपयोग? धरण उशाला आणि कोरड घशाला. तिथली मोसंबी बोअरवरच जगते. एप्रिल-मेमध्ये मोटार जळाली की बाग डोळ्यांदेखत माना टाकते. मग मिस्त्री लगेच पाहिजे, मोटार आजच वर आली पाहिजे आणि लाईटची पाळी सुरू व्हायच्या आत परत खालीही गेली पाहिजे. अपघात या घाईतच होतात.

आधी वजनाचा हिशोब

समजा मोटार १८० फुटांवर आहे आणि पाईप दीड इंची जीआयचा, २० फुटी. म्हणजे नऊ पाईप. मध्यम जाडीचा असा पाईप मीटरला साधारण ३.६ किलो भरतो, म्हणजे एक पाईप २२ किलोचा. नऊ पाईपांचे झाले जवळपास २०० किलो. पंप आणि मोटारीचे ५० किलो धरा.

आता यात एक वजन विसरलं जातं. ते म्हणजे पाण्याचं. पंपाच्या वर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो. तो नीट बसत असेल तर पाईपमधलं पाणी खाली उतरत नाही. दीड इंची पाईपमध्ये मीटरला जवळपास १.४ लिटर पाणी मावतं. ५५ मीटरचे झाले ७५ किलोच्या पुढे. एकूण बेरीज सव्वातीनशे किलो. एका चांगल्या बैलाचं वजन जमिनीत उभं टांगलंय असं समजा.

म्हणून मोटार उतरवण्यापेक्षा काढणं जास्त जोखमीचं. उतरवताना सुरुवातीला वजन कमी असतं आणि पाईपागणिक वाढतं. काढताना पहिल्याच ओढीला सगळं वजन अंगावर येतं, तेही पाण्यासकट. वरचा जोड खोलला की तेच पाणी भसकन बाहेर येतं. हात ओले, क्लॅम्प ओला, पाना ओला आणि पायाखाली चिखल.

बोअर खोल गेली की हा आकडा वाढतच जातो. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यानं ६० मीटरच्या पुढची विहीर 'खोल विहीर' ठरवली आणि शेतीसाठी तशी नवी घ्यायला बंदी घातली. ती भूजल वाचवण्यासाठी आहे. पण मिस्त्रीच्या बाजूनं बघितलं, तर खोलीचा प्रत्येक फूट क्लॅम्पवर वजन म्हणून बसतो.

अपघात कोणत्या क्षणी होतो?

चेनपुलीनं पाईप वर येत असतो तेव्हा सहसा काही होत नाही. वजन साखळीवर असतं. पाईप क्लॅम्पवर टेकून शांत उभा असतो तेव्हाही काही होत नाही. धोका असतो तो वजन एकाकडून दुसऱ्याकडे जाताना. साखळी सैल झालीय आणि क्लॅम्प अजून पुरता बसलेला नाही, त्या दोन-चार सेकंदांत.

म्हणून आजच्या भागातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: दुसऱ्यानं वजन घेतलंय हे डोळ्यांनी दिसल्याशिवाय पहिल्याला सोडायचं नाही.

क्रम असा. जोड, म्हणजे सॉकेट, बोअरच्या तोंडापासून हात-दीड हात वर येईपर्यंत पाईप ओढायचा. सॉकेटच्या खाली दुसरा क्लॅम्प लावायचा आणि दोन्ही बोल्ट सारखे आवळायचे. मग साखळी अगदी हळू, बोट-दोन बोटं सोडायची. क्लॅम्प टेकला का? टेकल्यावर पाईप त्यातून सरकतोय का? खडूनं किंवा चिखलाच्या बोटानं पाईपवर क्लॅम्पच्या कडेला एक रेघ मारून ठेवली तर सरकलेला केसभरही कळतो. रेघ जागची हलली नाही, तरच जोड खोलायला घ्यायचा. तोपर्यंत हूक काढायचा नाही. या सगळ्याला अर्धा मिनिटही लागत नाही. नऊ पाईपांचे धरले तर चार-पाच मिनिटं.

पकड वेगळी, टेकू वेगळा

क्लॅम्प दोन तऱ्हांनी काम करतो. एक म्हणजे पकड: बोल्ट आवळले, जबडा पाईपला घट्ट बसला आणि घर्षणानं पाईप थांबला. दुसरा टेकू: क्लॅम्प सॉकेटच्या खाली आहे आणि सॉकेटचा कडा त्यावर बसलाय.

पकडीचा भरवसा कशावर? बोल्ट किती आवळला, पाईप ओला आहे का, शेवाळ-गंज आहे का, जबड्याचे दात झिजलेत का, यावर. टेकूला यातलं काहीच लागत नाही. सॉकेट क्लॅम्पच्या भोकातून जाऊ शकत नाही, एवढ्यावरच तो उभा असतो. म्हणून क्लॅम्प पाईपच्या मधोमध लावून नुसत्या पकडीवर ठेवू नये. सॉकेटला खालून चिकटवून लावावा, म्हणजे पकड सुटली तरी टेकू उरतो.

'सॉकेटच्या एक फूट खाली लावला, सरकलाच तर सॉकेट येऊन अडेलच की' असं काही जण म्हणतात. इथे थोडं गणित करू. सव्वातीनशे किलोचा पाईप एक फूट पडला आणि एका इंचात थांबला, तर धक्का वजनाच्या साधारण तेरा पट बसतो. म्हणजे चार टनांच्या वर. वजन पेलणारा क्लॅम्प तो धक्का पेलेलच असं नाही. दोराचंही तेच. म्हणून पाईपला घसरायला जागाच ठेवायची नाही.

क्लॅम्प कशावर टेकवायचा, हेही महत्त्वाचं. आपल्याकडे वरच्या मुरमापुरती पीव्हीसी केसिंग असते. सगळं वजन तिच्या काठावर दिलं तर ती तडकते. केसिंगच्या दोन्ही बाजूंना लोखंडी चॅनल किंवा जाड लाकडी वासे आडवे टाकायचे आणि क्लॅम्प त्यांच्यावर बसवायचा.

जालन्याचा हापसा काय शिकवतो

हा प्रश्न आपल्या भागात पूर्वीच एकदा सोडवला गेलाय. गावोगावी दिसणारा तो हापसा, इंडिया मार्क टू, त्याचं मूळ जालन्यात आहे. जालना तेव्हा आपल्याच जिल्ह्यात होतं, वेगळा जिल्हा झाला १९८१ मध्ये. दुष्काळी भागात बोअर घेतल्या जात होत्या, पण त्यांच्यावर बसवलेले बिडाचे पंप एका कुटुंबापुरते बनवलेले. सगळं गाव हापसू लागलं की मोडायचे. जालन्याच्या मिशनच्या लोकांनी पोलादी पंप बनवला, सोलापुरात तो आणखी सुधारला, आणि १९७० च्या दशकात युनिसेफ आणि सरकारी कारखान्याच्या मदतीनं त्याचं इंडिया मार्क टू झालं. पुढे तो जगभर गेला.

त्याच्याबरोबर अवजारांचा ठरलेला संचही आला, हे कमी लोकांना माहीत असतं. त्यात पाईप उचलायचे खास पाने, आतली सळई धरायची वाईस आणि आपोआप आवळणारा क्लॅम्प असतो. या क्लॅम्पमध्ये पाईपचं वजनच जबडा आवळतं. जेवढं वजन, तेवढी पकड. तेलविहिरींवर पाचरीसारखे तुकडे घालून पाईप धरतात, त्याचंही तत्त्व हेच. माणसानं बोल्ट किती आवळला यावर पाईपाचं आणि बोटांचं नशीब ठरू नये, हा त्यामागचा विचार.

नंतरच्या मार्क थ्रीमध्ये तर एक पाऊल पुढे गेले. वरचा पाईप अडीच इंची केला, म्हणजे आतला दट्ट्या सळईसकट त्यातूनच वर काढता येतो. वायसर बदलायला पाईप काढायचंच काम उरलं नाही. पाईप लटकवावाच लागला नाही, तर तो पडण्याचा प्रश्नच येत नाही.

बोअरच्या गाडीवर

बोअर घेताना वजन आणखी वाढतं. ७६ मिलीमीटर व्यासाचा, ५ मिलीमीटर जाडीचा, २० फुटी रॉड पन्नास किलोच्या वर जातो. असे नऊ रॉड आणि खाली हॅमर, म्हणजे अर्ध्या टनाच्या आसपास. रॉडला टोकाशी सपाट खाचा असतात. गाडीच्या टेबलावर यू आकाराचा पाना त्या खाचांत सरकवला की खालचे सगळे रॉड त्याच्यावर टेकतात. हाही टेकूच आहे, पण पाना पूर्ण आत गेलाय हे बघितल्याशिवाय वरचा जोड फिरवायचा नाही. आणि त्याआधी हवा बंद. कॉम्प्रेसरचा दाब रॉडमध्ये कोंडलेला असताना जोड खोलणं म्हणजे तोफेच्या तोंडाशी उभं राहणं.

या गाड्या बऱ्याचदा तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडे भागातून येतात. ऑपरेटर तमिळ, हेल्पर तिसऱ्याच राज्यातला, शेतकरी मराठी, आणि वर कॉम्प्रेसरचा आवाज. तिथे ओरडून काही कळत नाही. म्हणून काम सुरू व्हायच्या आधी हाताच्या तीन खुणा ठरवून घ्या: उचल, सोड, थांब. 'थांब' कोणीही दाखवली तरी काम थांबलं पाहिजे, मग ती पाणी घेऊन आलेल्या पोरानं का दाखवली असेना.

आजूबाजूच्या तीन गोष्टी

एक, जमीन. आपली काळी माती ओली झाली की घोडीचा एक पाय खचतो आणि सगळं वजन एका बाजूला कलतं. तिन्ही पायांखाली फळ्या ठेवा आणि पाय साखळीनं एकमेकांना बांधा.

दोन, तारा. वीस फुटी लोखंडी पाईप उभा केला की तो किती उंच जातो, हे खाली मान घालून काम करणाऱ्याला दिसत नाही. वरून अकरा केव्हीची लाईन गेली असेल तर महावितरणला सांगून ती बंद केल्याशिवाय घोडी उभी करू नका. स्टार्टरचा फ्यूजही काढून खिशात ठेवा, पाळीची लाईट सांगून येत नाही.

तीन, बोअरचं तोंड. पाईप बाहेर काढून मोटार गावात नेली की बोअर उघडी राहते. सर्वोच्च न्यायालयानं उघड्या बोअरबाबत २०१० मध्ये सूचना दिल्या, त्या लहान मुलं आत पडून गेल्यावर. एका रात्रीपुरतं का होईना, झाकण घट्ट लावा.

श्रोत्यांचे प्रश्न

*पीव्हीसीचे कॉलम पाईप हलके असतात, मग एवढं कशाला?*
पाईप हलके असतात, पण पाणी आणि मोटार तेवढीच जड. शिवाय दात असलेला पाना प्लास्टिकवर चरे पाडतो आणि पाईप पुढे तिथेच फुटतो. त्यांच्या कॉलरला बसणारा वेगळा क्लॅम्प मिळतो, तोच वापरा.

*नायलॉनचा दोर बांधलाय, तो पुरेसा नाही का?*
दोर ही दुसरी सोबत, पहिला आधार नव्हे. तो पंपाला बांधलेला आणि वर प्रत्येक पाईपगणिक ताणून घोडीला अडकवलेला हवा. सैल सोडलेला दोर पाईप सुटल्यावर धक्क्यानं तुटतो. आणि केबलला धरून मोटार कधीच ओढायची नाही.

*पाईप सुटलाच तर?*
सोडून द्या. हा आजचा सगळ्यात अवघड सल्ला आहे, कारण माणसाचा हात आपसूक पुढे जातो. सव्वातीनशे किलो हातानं थांबत नाहीत, क्लॅम्प आणि केसिंगच्या मध्ये बोटं मात्र जातात. खाली गेलेला पाईप गळ टाकून पुष्कळदा निघतो. नाहीच निघाला तर बोअर गेली, मोटार गेली, नुकसान मोठं आहे, मान्य. पण मिस्त्रीचे हात हेच त्याचं शेत असतं.

तर मंडळी, पुढच्या वेळी मिस्त्री आला की त्याला घाई करू नका. चहा द्या, फळ्या शोधून द्या आणि एक विचारा: 'दादा, क्लॅम्प सॉकेटखाली बसला का?' चांगल्या मिस्त्रीला या प्रश्नाचा राग येत नाही.

हा भाग गावातल्या मोटार काढणाऱ्या पोरांपर्यंत पोचवा. भेटूया पुढच्या भागात. नमस्कार!